लवकर जागी झालेली हरळी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी नीव्हा स्ट्रिकलर गोल्फ क्लबाच्या सातव्या फेअरवेवर, खळगीकडे जाणाऱ्या गवताच्या लांब पट्ट्यावर, गुडघे टेकून बसली होती. टॉर्च दातांत, उजव्या हाताची बोटं मातीत. वाळल्या गवताचा थर बाजूला सारून तिने खालून काहीतरी चिमटीत पकडलं आणि उजेडात धरलं. टाचणीएवढं पोपटी पान. शेजारी दुसरं होतं. तिथून पुढे जिथे जिथे तिने थर उचकटला तिथे तेच.

"किती आलंय?" मागून लाइलने विचारलं. लाइल बीचनर म्हणजे क्लबचा मेकॅनिक. यंत्रं दुरुस्त करायची, तीच चालवायची आणि वेळ उरला की बॉसला टोमणे मारायचे, अशी त्याची नोकरी होती.

"सगळीकडे."

"मग तोंड का पाडलंयस? शनिवारी मंडळी केवढी खूश होती."

"मंडळी खूश होती म्हणूनच मी या दवात बसलेय. हात दे, गुडघा धरलाय."

मार्चचा पहिला आठवडा चालू होता. कॅन्सस राज्याच्या दक्षिण टोकाला या दिवसांत हरळी झोपलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटी ती गोणपाटाच्या रंगाची होते आणि एप्रिल निम्मा सरेपर्यंत तशीच राहते. यंदा फेब्रुवारी संपता संपता दक्षिणेकडून वारा लागला आणि थांबलाच नाही. माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरू लागली. शनिवारी क्लबात चिलीचं जेवण झालं. वाटीभर तिखट बीन्स-खिमा आणि त्याच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल, इथे तसंच खातात. खाऊन झाल्यावर सगळे बाहेर कठड्याशी येऊन उभे राहिले आणि पहिल्या फेअरवेकडे बघत राहिले. फेअरवे हिरवा होता. नदीपलीकडचा क्लब अजून पायपुसण्यासारखा दिसत होता. लोकांनी फोटो काढून तिकडच्या मित्रांना पाठवले.

नीव्हा त्या वेळी यंत्रांच्या शेडमध्ये हवामानाचा नकाशा बघत होती. कॅनडातून थंडीची एक लाट खाली सरकत होती. बुधवारी संध्याकाळी पोचेल असा अंदाज होता. अंदाजात वारा होता, बर्फ नव्हता. बर्फ पडला असता तर गवताला पांघरूण मिळालं असतं. ही थंडी कोरडी येणार होती.

तिचा जन्म इथून पश्चिमेला गव्हाच्या शेतावर झाला. बाप वॉरन उन्हाळाभर नांगरामागे फिरून हरळीच्या काश्या, म्हणजे जमिनीखाली पळणारे ते पांढरे दोर, वेचून बांधावर उन्हात टाकायचा. वाळल्या की जाळायचा. पुढच्या पावसाला शेतात पुन्हा हरळी. घरात तिला सैतानाचं गवत म्हणायचे. नीव्हा एकोणिसाव्या वर्षी उन्हाळ्यापुरती म्हणून गोल्फ क्लबात गवत कापायला लागली आणि राहिली. होइट नावाचा जुना सुपरिंटेंडंट, म्हणजे मैदान राखणाऱ्यांचा मुख्य, होता. त्याच्या हाताखाली तिने पाणी, खत, रोग, पात्यांना धार लावणं, सगळं शिकून घेतलं. त्याचा खुबा गेला तेव्हा कमिटीने तिला त्याच्या खुर्चीवर बसवलं. ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. नवरा जीन धान्याच्या कोठारावर काम करतो, मुलं विचिटा आणि डेन्व्हरला. ती स्वतः गोल्फ खेळत नाही, कधी खेळलेली नाही, आणि का खेळत नाही असं विचारलं तर म्हणते, "हलवाई पेढे खातो का?"

बाप क्लबावर एकदाच आला, म्हातारपणी. त्याच्या आदल्या हिवाळ्यात शून्याखालची थंडी दोन आठवडे हलली नव्हती आणि मे महिना उजाडला तरी अठरापैकी सोळा फेअरवे जागे झाले नव्हते. वॉरनने गाडीत बसूनच ती उघडी माती पाहिली. म्हणाला, "मी जन्मभर हिला मारत आलो, मेली नाही. तू पगार घेऊन जगवतेस तर मरते. कमाल आहे, पोरी."

ती हसली होती. पण क्लबात कोणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. दोन उन्हाळे सभासद तणांवर आणि मातीवर खेळले. एक तृतीयांश नदीपलीकडे निघून गेले. जमीन क्लबाची नाही, राट्झलाफ कुटुंबाकडून करारावर घेतलेली आहे आणि त्या कुटुंबाला गुरांसाठी कुरण हवंच आहे. तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव झाला की, गवत आणखी एकदा लावायचं. तेही मेलं तर करार पुढे वाढवायचा नाही. हा ठराव गावात सगळ्यांना ठाऊक आहे, अगदी न्हाव्याच्या दुकानातसुद्धा.

कुठली हरळी लावायची ते नीव्हाने ठरवायचं होतं.

शेजारच्या राज्यात विद्यापीठाचं प्रयोगाचं शेत आहे. एकाशेजारी एक चादरीएवढे तुकडे, प्रत्येकात वेगळं वाण, प्रत्येकावर नंबराची पाटी. एप्रिलच्या मध्याला कमिटीची माणसं छोट्या बसने तिथे गेली. विद्यापीठाच्या गुणांच्या तक्त्यावरून नीव्हाने आधीच दोन नंबर काढून ठेवले होते, सात आणि बारा. थंडी सोसण्यात दोन्ही वाणांना सारखेच गुण होते. शेतावर पोचल्यावर मात्र दोन्ही तुकड्यांत काहीच सारखं नव्हतं. सातवा तुकडा हिरवागार होता. बारावा गोणपाट.

कमिटीचा अध्यक्ष मर्ल थार्प हा निवृत्त गुरांचा डॉक्टर. त्याने बाराव्या तुकड्यावर बूट टेकवला आणि म्हणाला, "हे मेलेलं आहे." मग सातव्याकडे बोट केलं. "हे जिवंत आहे. चला, जेवायला कुठे जायचं?"

शेतावरचा टोपीवाला माणूस म्हणाला, "मेलेलं नाही ते. झोपलंय. मेच्या अखेरीला या, मग बघा."

नीव्हाने ते ऐकलं. त्यातला अर्थही तिला कळला. उशिरा उठणारं गवत वसंतातल्या थंडीला सापडत नाही. गुण दिलेले असतात ते जानेवारीतल्या थंडीचे, गवत झोपेत असतानाच्या थंडीचे. मार्चमध्ये जागं झाल्यावर थंडी आली तर काय, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. पण मेच्या अखेरीला तिला एक दिवससुद्धा मोकळा मिळत नाही, तेव्हाच तर सगळं वाढतं. आणि दोन वर्षं उघडी माती बघून तिचे डोळे शिणले होते. ती खाली बसली, सातव्या तुकड्यावर तळवा दाबला. गवत दाट होतं, हाताला उलट दाब देत होतं.

"सात," ती म्हणाली.

त्या जूनमध्ये सगळीकडे सात नंबर लावला. तेव्हा गावात बोललं गेलं की कमिटी हिरव्या रंगाला भुलली. कमिटीने तिचं ऐकलं होतं, एवढंच. भुलली असेल तर नीव्हा भुलली. नीव्हा हे नाकारत नाही.

त्या मार्चच्या सकाळी सातव्या फेअरवेवरून ती शेडमध्ये परतली तेव्हा मर्ल थार्प कॉफीचा मग घेऊन तिच्याच खुर्चीवर बसला होता.

"नीव्हा, बाई, तू मैदानावर गाड्या बंद ठेवायचा बोर्ड लावलायस म्हणे. ऐंशी अंशांच्या उकाड्यात?"

"रविवारपर्यंत. पायी खेळा. गवत नुकतं फुटलंय, चाकाखाली चिरडलं की थंडीत पहिलं तेच जाणार."

"हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे. चाळीस वर्षं गाई-घोडे बघितलेत मी. जिवंत काय असतं ते मला कळतं."

"डॉक्टर, तुम्ही वासरू नुकतं जन्मलं की त्याला गारठ्यात बाहेर ठेवायचात का?"

मर्लने मगात बघितलं. "दोन रात्रींची तर थंडी."

"नऊ फॅरनहाइट सांगतायत. पाणी बत्तिसाला गोठतं."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "बोर्ड राहू दे. पण कारण लिहू नकोस. लोक उगाच घाबरतात."

पुढचा वाद लाइलशी झाला. जानेवारीपासून थेंब पडला नव्हता. कोरडी माती झपकन थंड होते, ओली माती ऊब धरून ठेवते. नीव्हाला सगळे फेअरवे भिजवून घ्यायचे होते. पण जमिनीखालचे पाइप नोव्हेंबरमध्येच रिकामे केलेले होते. हिवाळ्याआधी पाण्याचा शेवटचा थेंब हवेच्या दाबाने उडवून काढावा लागतो, नाहीतर गोठून पाइप फुटतात. आता ते भरायचे, दोन दिवस फवारे चालवायचे आणि थंडी पोचायच्या आत पुन्हा कोरडे करायचे.

"आणि नाही जमलं तर?" लाइल म्हणाला. "गवत गेलं तर जून आहे, पुन्हा लावता येतं. पाइप गेले तर काय आहे?"

"गवत गेलं तर जून नाही. राट्झलाफच्या गाई आहेत."

"मग मी गाई सांभाळायला शिकतो. त्या निदान टोमणे मारत नाहीत."

"कॉम्प्रेसर कोणाकडे मिळेल?"

लाइलने टोपी काढून डोकं खाजवलं. "रस्तेवाल्यांकडे आहे एक. माझा मेहुणा आहे तिथे. त्याला आवडत नाही मी."

"कोणालाच आवडत नाहीस. जा."

मंगळवारी पहाटे पंप सुरू झाला. पहिल्या तासात दोन जोड गळू लागले, ते तिने स्वतः बांधले. मग एकेका फेअरवेवर फवारे उठत गेले. उन्हात, गरम वाऱ्यात, हिरव्या गवतावर पाणी उडत होतं आणि पायी खेळणारे सभासद तिला हात करून जात होते. कोणीतरी ओरडलं, "नीव्हा, शाब्बास! याहून हिरवं करायचं का आता?" तिने हात वर केला. दुपारी ट्रकच्या पायरीवर बसून तिने बीरॉक खाल्ला, कोबी-खिमा भरलेला थंडगार पाव, आणि खाताना उत्तरेकडे बघत राहिली. आकाश स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वच्छच राहिलं.

बुधवारी दोनच्या सुमाराला दक्षिणेचा वारा पडला. झेंडे काठ्यांना चिकटून लोंबू लागले. फवाऱ्यांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. लाइल पंपघराच्या दारात उभा होता. त्याने हनुवटीने उत्तर दिशा दाखवली. क्षितिजावर एक निळीकाळी पट्टी उभी होती, खालची कड रेघेने आखल्यासारखी सरळ. तिच्या पुढे धूळ होती, धुळीच्या पुढे पक्षी.

"संध्याकाळी म्हणाले होते," लाइल म्हणाला.

"पंप बंद कर."

"सतरा आणि अठरा राहिलेत."

"बंद कर म्हटलं ना!"

वारा आला तो दार आपटावं तसा आला. अर्ध्या तासात दोघांनी अंगावर होते नव्हते तेवढे कोट चढवले होते. कॉम्प्रेसर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओढत त्यांनी पाइप उडवायला घेतले. प्रत्येक फवाऱ्यातून आधी पाणी, मग धुकं, मग नुसती हवा. शेवटी शेवटी धुकं हवेतच कडक होऊन तोंडावर वाळूसारखं लागत होतं. लाइलची दाढी पांढरी झाली. चौदाव्यावर एक व्हॉल्व्ह तडकला, बाकीचं जाळं वाचलं. अंधार पडायच्या आत काम संपलं तेव्हा ओल्या फेअरवेंवर काचेसारखा थर धरायला लागला होता आणि त्याच्याखाली गवत अजून हिरवं दिसत होतं. नीव्हाने त्यावर पाय ठेवला नाही. लाइललाही ठेवू दिला नाही.

दोन रात्री पारा अंदाजाप्रमाणे खाली गेला. दुसऱ्या रात्री अंदाजाच्याही खाली. नंतर वारा पडला, ऊन आलं, थर वितळला, आणि शनिवारी दुपारी सगळे फेअरवे शिजलेल्या पालेभाजीच्या रंगाचे होते. हवेत ओल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. सोमवारपर्यंत रंग गेला. गोणपाट उरलं.

आता बघून काही कळण्यासारखं नव्हतं. झोपलेली हरळी आणि मेलेली हरळी एकसारखीच दिसते. त्यासाठी इथे एक रीत आहे. खळगी पाडायच्या कटरने प्रत्येक फेअरवेचा एकेक गोळा मातीसकट काढायचा, ट्रेमध्ये मांडायचा, उबेला ठेवायचा आणि वाट बघायची. एरवी हे ट्रे शेडच्या खिडकीत असतात. येणारे-जाणारे त्यात डोकावतात, कुठला आधी फुटेल यावर बियरच्या पैजा लावतात. यंदा नीव्हाने ट्रे ट्रकमध्ये घालून घरी नेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले.

"इथे माझ्या टोमॅटोची रोपं असतात," जीन म्हणाला.

"यंदा न्हाणीघरात ठेव."

"शेडला काय झालं?"

"तिथे सगळे डोकावतात," ती म्हणाली. जीनने रोपं उचलली.

पहिल्यांदा तण उगवलं. ते नेहमीच पहिल्यांदा उगवतं. मग चार आणि सोळा नंबरच्या गोळ्यांतून हरळीची टोकं वर आली, जाड आणि सरळ. हे दोन फेअरवे उत्तरेच्या उतारावर आहेत, देवदारांच्या सावलीत. तिथे गवत सगळ्यात उशिरा उठतं म्हणून नीव्हा सहा वर्षं कमिटीकडे देवदार तोडायची परवानगी मागत होती. बाकीच्या गोळ्यांतून काही आलं नाही. ती रोज सकाळी कॉफीच्या आधी ट्रेसमोर उभी राहायची. आणखी थोडे दिवस तिने दिले. मग एका संध्याकाळी दाढीच्या पात्याने एकेक काशी उभी चिरली. जिवंत काशी आत पांढरी आणि कडक असते. या तपकिरी होत्या आणि दाबल्यावर त्यांतून पाणी निघत होतं. एखाद्या गोळ्याच्या तळाशी बोटभर पांढरा तुकडा सापडला. भिजवलेल्या फेअरवेंत असे तुकडे थोडे जास्त होते. न भिजवलेल्या सतरा-अठरात एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मर्ल थार्प स्वतःच घरी आला. स्वयंपाकघरात उभा राहून त्याने ट्रे पाहिले. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने एक गोळा उचलला, फोडला, वास घेतला आणि परत ठेवला.

"सगळे?"

"चार आणि सोळा सोडून. जे आधी हिरवं झालं ते गेलं."

"पुन्हा लावायचं झालं तर कुठलं लावशील?"

"बारा नंबर. पण या वेळी मेच्या अखेरीला जाऊन बघणार."

"तेव्हा तर तुला वेळ नसतो."

"यंदा असेल," नीव्हा म्हणाली.

मर्ल खुर्ची ओढून बसला. त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "हे बघ," तो म्हणाला. "एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सभा आहे. करार वाढवायचा की नाही, तिथेच ठरणार. लोकांनी एकदा हिरवं पाहिलंय. सभेच्या दिवशी कठड्याशी येऊन बघतील तर काय दिसेल त्यांना? हात वर करतील आणि जमीन राट्झलाफकडे. करार आधी झाला तर जूनमध्ये लावावंच लागेल, कोणाला मागे फिरता येणार नाही."

"म्हणजे काय करायचं म्हणता?"

"गवताचा रंग असतो ना तुझ्याकडे? हिवाळ्यात खळगीभोवतीच्या ग्रीनवर मारतेस तो?"

नीव्हाने नळ सोडला, हात धुतले. रंगाने गवताला काही होत नाही. उलट गडद पृष्ठभाग ऊन धरतो, खालची माती थोडी तापते. तळाशी जे पांढरे तुकडे उरलेत ते त्याने कदाचित लवकर वर येतील. एप्रिलमध्ये रंग मारणारे सुपरिंटेंडंट तिने पाहिले होते आणि त्यांना नावं ठेवली नव्हती. हे सगळं तिने मर्लला सांगितलं. तो मान डोलवत राहिला, जणू तो त्याचसाठी आला होता.

"पण मला कोणी विचारलं," ती म्हणाली, "तर मी हे ट्रे दाखवीन."

"कोणी विचारणार नाही." मर्ल उठला. "तपकिरी असलं की विचारतात, का म्हणून. हिरव्याला कोण विचारतं?"

तो गेल्यावर तिने लाइलला फोन केला.

"किती पिंपं आहेत रंगाची?"

"ग्रीनपुरती आहेत. का?" कशाला ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. आवाजात थट्टा नव्हती. "सगळे फेअरवे?"

"चार आणि सोळा सोडून."

"त्यांना का सोडायचं?"

"ते खरोखर हिरवे होणारेत."

"मग ते वेगळे दिसतील, बॉस. बाकीच्यांपेक्षा फिके. लोक म्हणतील, यांनाच काय झालं?"

खिडकीबाहेर जीन गाडीच्या काचेवरची धूळ पुसत होता. "बरं," ती म्हणाली. "त्यांनाही मार."

लाइल म्हणाला, पिंपं आजच मागवतो, संध्याकाळपर्यंत येतील. नोझल मोठे लावावे लागतील, ते त्याने लगेच काढून ठेवले.

उद्या बुधवार. नऊनंतर वारा वाढतो, म्हणून फवारणीचं यंत्र सातला पहिल्या फेअरवेवर उतरेल. सभासदांसाठी क्लब साडेनऊला उघडतो. तोपर्यंत रंग वाळलेला असतो.